नगररचनेचा पेशा आणि पोटाचा प्रश्न



नगररचनेवर बोलायला चालकांनी नगररचनाकार न बोलावता कामगार संघटनेत आयुष्य घातलेला माणूस बोलवावा, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. आम्हांलाही वाटले. आमचे दिवसाच्या शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढे परळच्या रात्रशाळेत जे पदरात पडले ते, युनियनच्या कपाटातली पुस्तके आणि कोर्टकचेऱ्यांतले कागद, एवढ्यावर आमची विद्वत्ता उभी आहे. शहराचा विकास आराखडा कसा वाचावा हे आम्हांला कोणी शिकविले नाही. पालिकेच्या कचेरीतून नकाशाची एक प्रत पैसे भरून आणली, ती युनियनच्या टेबलावर पसरली, चार कोपऱ्यांवर चहाचे चार पेले ठेवले आणि आमची चाळ कोणत्या रंगात आहे ते शोधू लागलो. तेव्हापासून आजपर्यंत नगररचनाकारांच्या टेबलापुढे, अर्जदाराच्या खुर्चीत बसण्याचा योग आम्हांला पुष्कळदा आला. त्या खुर्चीतून हा पेशा कसा दिसतो, एवढेच आज सांगायचे आहे. समोर तरुण मंडळी बरीच आहेत. त्यांतील काही नगररचनेचा अभ्यास करीत आहेत असे कळले. बोलणे मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. वडीलधाऱ्यांनी रागावू नये.

हा पेशा आपल्याकडे नवा नाही. सरकारचे नगररचना खाते १९१४ साली सुरू झाले आणि त्याचे मुख्य ठाणे याच पुण्यात आहे. मुंबई इलाख्याचा नगररचनेचा कायदा १९१५ सालचा. देशातला तो पहिला. १९५४ च्या कायद्याने नगरपालिकांना विकास आराखडा करणे बंधनकारक केले, आणि आज ज्याखाली सारा कारभार चालतो तो महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ सालचा आहे. मुले पदवी घेतात, लोकसेवा आयोगाची परीक्षा देतात, सहायक नगररचनाकार होतात; काही खाजगी सल्लागारांच्या कचेरीत जातात. पगार बरा, मानही बरा. परंतु या नोकरीत एक गोष्ट अशी आहे की जी इतर नोकऱ्यांत सहसा नसते. कारकुनाने चूक केली तर एका माणसाची पेन्शन अडते. नगररचनाकाराने कागदावर एक रेघ चार मिलिमीटर उजवीकडे ओढली तर पन्नास दुकाने जातात, आणि ज्याची गेली त्याला ती रेघ कोणी ओढली हे जन्मात कळत नाही.

पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश गृहस्थाचे नाव या विद्यार्थ्यांना ठाऊक असेलच. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचे ते पहिले प्राध्यापक. त्याआधी हिंदुस्थानातील कितीतरी शहरे पायी हिंडून त्यांनी अहवाल लिहिले. आधी पाहणी, मग निदान आणि मग उपचार, असा त्यांचा क्रम असे. दाट वस्तीवर सरसकट फावडे चालविण्याच्या ते विरुद्ध होते. नेमके जेवढे कापायचे तेवढेच कापावे असे म्हणत. इंदूरला प्लेगच्या दिवसांत त्यांनी दिवाळीला एक मिरवणूक काढविली. जो रस्ता सर्वांत स्वच्छ, त्यावरून मिरवणूक जाणार अशी दवंडी. त्यामुळे घरोघर झाडलोट सुरू झाली. मिरवणुकीत शहराचे सफाई कामगार स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, झेंडूची फुले लावून, रंगविलेल्या गाड्यांसह मानाने चालले. सफाई कामगारांत काम करणाऱ्या आम्हांला हा प्रसंग फार आवडतो. अहवाल लिहिणारा नगररचनाकार शहर झाडणाऱ्या माणसाला आधी पाहतो, हे पुढच्या शंभर वर्षांत थोडे कमीच झाले.

आता आमच्या गावाकडे येतो. आमचे गाव म्हणजे गिरणगाव. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली, १८५६ साली ताडदेवला ती गिरणी चालू झाली, आणि पुढच्या काळात लालबाग, परळ, भायखळा, वरळी, शिवडी हा सारा मुलूख भोंग्यावर उठू लागला. नकाशात गिरण्या जांभळ्या रंगात दाखवीत. जांभळा म्हणजे उद्योग. चाळी पिवळ्या, पिवळा म्हणजे निवास. आमची खोली पिवळ्या रंगात होती. त्या पिवळ्या खोलीत आमची आई खानावळ चालवीत असे.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. कोकणातून, घाटावरून आलेले गडी बायकामुले गावी ठेवून येत. गावकीच्या एकेका खोलीत वीस-वीस जण. ट्रंक भिंतीला आणि झोप पाळीपाळीने. जेवणार कुठे? शेजारच्या चाळीतील एखाद्या बाईकडे. आमच्या आईकडे पंधरा-सोळा जेवणारे असत. पहिल्या पाळीचा डबा पहाटे, दुसऱ्या पाळीचे जेवण अकराला, रात्रपाळीवाल्यांचे संध्याकाळी. पैसे महिन्याच्या पगाराला. तोवर वाण्याकडे उधारी, चक्कीवाल्याकडे उधारी, वखारवाल्याकडे उधारी, आणि सण आला की सावकार. म्हणजे गिरणीच्या विणाईखात्यात आमचे वडील जो धोटा पळवीत, त्याच्या एका टोकाला कापड होते आणि दुसऱ्या टोकाला आमच्या आईची चूल, वाण्याचे दुकान, कोळीणीची पाटी, परटाची इस्त्री. जांभळ्या रंगातून निघालेला पगार पिवळ्या रंगात अशा रीतीने दहा घरांतून फिरे.

या बायकांकडे अर्थव्यवस्था म्हणून प्रथम कोणी पाहिले असेल तर ते प्रेमा पुरव यांनी. गोवामुक्तीच्या लढ्यातून आणि कामगार चळवळीतून आलेल्या या बाईंनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. तारण ठेवायला या बायकांकडे काहीच नव्हते. मग दहा जणींनी एकमेकींची हमी घ्यायची आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज काढायचे, असा मार्ग निघाला. सावकाराचे देणे फिटले, मोठी पातेली आली. वस्तीचा आर्थिक विकास या विषयावर आज जाडजूड पुस्तके मिळतात आणि आम्ही त्यांतील काही शब्दकोश घेऊन वाचली आहेत. आमचे मत असे की, तो विषय लालबागच्या चाळीत त्या नावावाचून चालू होता.

पुढचे आपणांस ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. आम्ही तेव्हा बारा-तेरा वर्षांचे होतो. संपाची चिकित्सा आज करीत नाही; त्यासाठी निराळे व्याख्यान लागेल आणि सभागृहात दोन तट पडतील. चुलीचे काय झाले तेवढे सांगतो. जेवणारे गडी गावी गेले, आणि पुष्कळ खोल्यांतली खानावळ काही महिन्यांत बसली. त्या बायकांना ना नोटीस मिळाली, ना भरपाई, ना ग्रॅच्युइटी. कारण कुठल्याच रजिस्टरात त्यांचे नाव नव्हते. नकाशात तर त्या केवळ राहत होत्या.

मग प्रश्न आला जमिनीचा. मुंबईतल्या गिरण्यांखाली सुमारे ६०० एकर जमीन, तीही शहराच्या मधोमध. १९९१ सालच्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. तो समजून घेण्यासारखा आहे. गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करायचा असेल तर तिचे ढोबळमानाने तीन वाटे करावेत: एक पालिकेला मैदाने-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. क्षेत्रफळानुसार टक्केवारी थोडी कमीजास्त होती, पण भाव हाच. दहा वर्षे मालकमंडळी फारशी पुढे आली नाहीत. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली: वाटे करायचे ते संपूर्ण जमिनीचे नव्हेत, फक्त मोकळ्या जमिनीचे, ज्या जमिनीवर बांधकाम उभे आहे ती, बांधकाम पाडले तरी, वाटणीत धरायची नाही.

आता तरुण मित्रांनी वहीत हिशोब मांडावा. समजा, एक गिरणी पंधरा एकरांची आहे. जुन्या नियमाने पाच एकर मैदान, पाच एकर घरे, पाच एकर मालक. समजा, त्यांपैकी बारा एकरांवर शेड आणि गोदामे आहेत. गिरणी म्हटली की शेड असायचीच. मोकळ्यावर कोणी सूत कातीत नाही. नव्या नियमाने वाटणीला उरले तीन एकर. एक एकर मैदान, एक एकर घरे, बाकी तेरा एकर मालकाकडे. हा फरक ‘मोकळी’ या एका शब्दाने झाला. प्रकरण न्यायालयात गेले. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने जमिनीचा वाटा मोठा धरावा असा निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला आणि २००१ चा नियम कायम राहिला. गिरणगावातली पोरे आज फूटपाथवर क्रिकेट खेळतात त्याचे एक कारण तो शब्द आहे. तो शब्द कोणीतरी कचेरीत बसून, चांगल्या अक्षरात लिहिला असेल.

याच मधल्या काळात, १९९६ साली, वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमला गेला होता. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा त्यांनी विचार केला आणि सांगितले की, गिरणीगणिक तुकडे पाडू नका. सगळ्या जमिनी एकत्र धरून आराखडा करा, म्हणजे मैदाने सलग मिळतील, रस्ते आणि घरे नीट बसतील. अहवाल त्याच वर्षी सादर झाला आणि बाजूला राहिला. विद्यार्थ्यांनी तो शोधून वाचावा. चांगला आराखडा करायला आपल्याकडे माणसे नव्हती, हे खरे नाही.

कामगारांच्या घरांचेही थोडक्यात सांगतो. संघटनांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले म्हणून म्हाडाच्या वाट्यात गिरणी कामगारांचा हक्क मान्य झाला. अर्ज आले सुमारे पावणेदोन लाख. २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरे निघाली, २०२० च्या सोडतीत ३,८९४. मधे आणखी काही. बाकीच्यांसाठी पुढे शेलू आणि वांगणीची घरे दाखविण्यात आली. कर्जतच्या वाटेवर वयाच्या पंचाहत्तरीत जाऊन राहायचे कोणी, आणि तिथे मुलाने करायचे काय, हा प्रश्न कामगारांनी विचारला तेव्हा घर फुकट हवे असून वर नखरे करतात, असेही आम्ही ऐकले. घर आणि काम यांच्यामधले अंतर हे नगररचनेच्या पहिल्या इयत्तेतले गणित आहे, ते कामगाराने घातले की नखरा होते! गिरण्यांच्या जागी मॉल आणि कचेऱ्या आल्या. आमच्या युनियनमध्ये तिथले पहारेकरी आणि सफाईवाले आहेत. ज्या आवारात बाप साचेवाला होता त्याच आवारात मुलगा बारा तासांच्या कंत्राटी पाळीवर उभा आहे.

तर मग नगररचनाकाराने करायचे काय? काही वर्षांमागची एक हकीगत सांगतो. पुनर्विकासाला निघालेल्या एका जुन्या वस्तीत एका सल्लागार कचेरीतर्फे एक तरुण मुलगी पाहणीला आली. नुकतीच पदवी घेऊन बाहेर पडलेली. हातात छापील तक्ता: कुटुंबातील माणसे, खोलीचे क्षेत्रफळ, भाडेपावती, कुटुंबप्रमुखाचा व्यवसाय. वस्तीत आमचे काही सभासद राहतात म्हणून ती आमच्याकडे आली. एका खोलीत ती आणि आम्ही गेलो. कुटुंबप्रमुख निवृत्त, तसे तिने लिहिले. त्याच खोलीत सूनबाई दोन मुलींना हाताशी घेऊन परकर शिवीत होती, सासूबाई पोळ्या लाटून डबे भरीत होती, आणि दाराबाहेरच्या कट्ट्यावर गिऱ्हाईक उभे होते. तीन बायकांची कमाई त्या खोलीत होत होती आणि तक्त्यात होते: ‘निवृत्त’. आम्ही तिला एवढेच विचारले, ‘बाई, ही इमारत पाडल्यावर गिऱ्हाईक उभे कुठे राहील?’

ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी आली ती स्वतःच्या हाताने आखलेला एक जादा कागद घेऊन. खोलीत कोणते काम चालते, किती वाजता, माल वर कसा येतो, पाणी किती लागते, गिऱ्हाईक कुठून येते, उधारी कोण देतो. वरिष्ठांनी तिला बजावले होते की या कागदाचे पैसे मिळणार नाहीत आणि मुदत वाढणार नाही. तिने रविवार खर्ची घालून दोन चाळी पुऱ्या केल्या. सगळे काही मान्य झाले नाही, हे सांगितले पाहिजे. परंतु मालाचे गाठोडे घेऊन माणूस उभा राहील एवढी एक लिफ्ट आणि तळमजल्यावर छोट्या गाळ्यांची एक ओळ आराखड्यात टिकली. तिची नोकरी मात्र वर्षभरात सुटली. सध्या ती दुसऱ्या एका जिल्ह्यातील नगरपरिषदेत आहे, आणि खुशाल आहे.

मोठ्या घराला आमचा विरोध आहे असे कोणी समजू नये. १९२० नंतर बांधलेल्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन-तीन पिढ्या राहिल्या. आता तिथल्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे मिळत आहेत; वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये किल्ल्या मिळाल्या. त्या दिवशी आमच्या ओळखीच्या घरांतून पेढे आले, आम्ही ते आनंदाने खाल्ले. आमचे म्हणणे इतकेच की चाळीस मजल्यांच्या इमारतीत देखभालीचा खर्च दरमहा येतो, आणि तो भरायला जी शिलाई किंवा जो डबा उपयोगी पडला असता त्याचे गिऱ्हाईक सोसायटीचा पहारेकरी खालीच अडवितो. (तो पहारेकरीही बहुधा आमचाच सभासद असतो, ही आमची आणखी एक अडचण.)

पुणेकरांना वाटेल हे मुंबईचे रडगाणे झाले. पुण्याची दोन उदाहरणे आम्ही मुंबईत नेहमी देतो. हडपसरच्या मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र केली, तुकडे बिल्डरला न विकता स्वतःची कंपनी काढली, आणि ज्याची जितकी जमीन तितका त्याचा हिस्सा ठेवला. पोरांना त्याच कामांत ठेकेदारी आणि धंदे मिळाले. शेतकरी जमीन विकून गाडी घेतो आणि पाच वर्षांनी त्याच गाडीवर ड्रायव्हर होतो, हे जिथे तिथे पाहिलेल्या आम्हांला याचे मोठे अप्रूप आहे. परंतु तिथे सातबारा होता. ज्याच्या नावावर सातबाराच नाही त्याने काय एकत्र करायचे?

दुसरे उदाहरण त्याचेच उत्तर आहे. १९९३ साली पुण्यातल्या कचरावेचक बायकांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन केली. पाठीशी बाबा आढाव यांच्यासारखी, हमालांची संघटना बांधलेली माणसे होती. या बायकांनी प्रथम ओळखपत्र मिळविले, मग स्वतःच्या मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी केली, आणि २००८ साली पालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम हक्काने घेतले. सातबारा नव्हता, तेव्हा त्यांनी आपले काम एकत्र केले. संघटना पगारवाढ मागते हे सर्वांना ठाऊक आहे; संघटना धंदाही उभा करू शकते, हे या बायकांनी दाखविले. मात्र गोळा केलेला कचरा निवडायचा कुठे? त्याला शेड लागते, नळ लागतो, गाडी वळायला जागा लागते. बागेला आरक्षण असते, वाहनतळाला असते. वर्गीकरणाच्या शेडला किती वॉर्डांत आहे, ते आपण आपल्या वॉर्डाच्या नकाशात पाहावे. घरी जाताना सहज जमण्यासारखे आहे.

तरुण मित्रांना वाटेल की आराखडा मंत्रालयात ठरतो, आमच्यासारख्या सहायकाच्या हाती काय आहे? पुष्कळ आहे. कायद्याने प्रत्येक प्रारूप आराखडा लोकांपुढे ठेवावा लागतो आणि मुदतीत आलेली हरकत ऐकून घ्यावी लागते. २०१५ साली मुंबईच्या प्रारूप आराखड्यात इतक्या चुका निघाल्या, असलेल्या वास्तू नाहीशा, नसलेले रस्ते हजर, की लोकांनी हजारो हरकती भरल्या आणि सरकारला तो माघारी घ्यावा लागला. सुधारलेला आराखडा २०१८ साली मंजूर झाला. त्या वेळी वस्त्यावस्त्यांत नकाशा मराठीत समजावून सांगणारे जे तरुण वास्तुविशारद आणि नगररचनाकार हिंडले, त्यांनी आमच्या माणसांना रंग वाचायला शिकविले. तसेच २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा. नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असले पाहिजेत, असे तो सांगतो. ही समिती नुसती कागदावर ठेवायची की भाजीवालीला तिथे खुर्ची देऊन तिचे ऐकायचे, हे बैठकीची टिपणी लिहिणाऱ्या माणसावरही अवलंबून असते. ती टिपणी तुमच्यापैकीच कोणी लिहिणार आहे.

अध्यक्षांनी घड्याळ दाखविले, शेवटचे सांगतो. ती जादा कागदवाली मुलगी जिथे आहे त्या गावात आठवडी बाजाराच्या मैदानाची नवी आखणी चालली आहे. गेल्या महिन्यात तिचा फोन आला: हमालांना नेमके काय लागते ते लिहून पाठवा, पुस्तकात सापडत नाही. आम्ही युनियनमधल्या दोन जुन्या हमालांना बोलाविले आणि टेप घेऊन गोदामाच्या आवारात गेलो. त्यांनी सांगितले: पायऱ्या नकोत, उतार हवा, हातगाडी पायरी चढत नाही. उतारही बेताचा, नाहीतर गाडी मागे येते. पिण्याच्या पाण्याचा नळ वजनकाट्याजवळ हवा, गेटाजवळ नको. दुपारी पाठ टेकायला पत्र्याखालची सावली चालत नाही, तिथे भाजते. झाड ठेवा किंवा कौले घाला. आणि पोते टेकवायला एक कट्टा हवा, असा की माणसाला न वाकता, दुसऱ्याची मदत न घेता ओझे खांद्यावरून उतरवता आणि पुन्हा उचलता यावे. कट्ट्याच्या उंचीवरून दोघांत बराच वाद झाला, कारण एक उंच आणि एक बुटका. अखेर दोघांनीही पोते टेकवून पाहिले आणि साडेचार फूट ठरली. तसे आम्ही कळविले आहे. नकाशा अजून मंजूर व्हायचा आहे.